गळतीचे ठिकाण

सोमवारी सकाळी आत्मारामभाऊ नागवेकर दात घासत अंगणात आले, तेव्हा त्यांच्या ट्रकखाली हिरवं पाणी साचलं होतं आणि ते बघायला तीन माणसं आधीच जमली होती. पूर्णगडात कोणाच्या घरी काही बिघडलं की घरमालकाला ते सगळ्यांच्या शेवटी कळतं. शेजारचे रावजी मयेकर उकिडवे बसून त्या पाण्यात बोट बुडवून बोटाचा वास घेत होते. होड्यांच्या फटी बुजवणारा धाकू कमरेवर हात ठेवून ट्रककडे बघत होता. आणि आत्मारामभाऊंची बायको मथुरा पायरीवर उभी राहून नुसतीच बघत होती. तिला काही बोलायची गरज नव्हती. जे बोलायचं ते ती ट्रक दारात आला त्याच दिवशी बोलून मोकळी झाली होती.

"कूलंट हाय," रावजी म्हणाले.

"ते मला दिसतंय," आत्मारामभाऊ म्हणाले. पण तोंडात फेस असल्यामुळे ते कोणाला कळलं नाही, आणि रावजींनी तेच वाक्य पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, समजावून सांगितलं.

ट्रक जुना होता. डिझेलचा, चार चाकांचा, मूळचा आकाशी आणि आता कुठे कुठेच आकाशी. गावात सगळे त्याला टेम्पो म्हणत आणि आत्मारामभाऊ दर वेळी 'कागदावर ट्रक आहे' असं सांगत. चौतीस वर्षं मोजणी खात्यात कारकुनी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला कागदावर काय आहे याची किंमत असते. निवृत्तीनंतर लोक देवळाच्या पारावर बसतात, नाहीतर वर्तमानपत्राला पत्रं लिहितात. आत्मारामभाऊंनी ट्रक घेतला. मथुरेने तीन दिवस अबोला धरला, चौथ्या दिवशी ट्रकला हळदकुंकू लावलं आणि पाचव्या दिवसापासून अबोला पुढे चालू केला.

ट्रक घेतला तो सोनूबाईसाठी. सोनूबाई ही त्यांची थोरली बहीण. ते तिला बाय म्हणतात. वय सदुसष्ट, दोन्ही गुडघे दुखरे, आणि अजूनही रोज बंदरावरून मासळीची टोपली डोक्यावर घेऊन चढण चढते आणि एसटीने रत्नागिरीच्या बाजारात जाते. म्हणजे जायला मिळालं तर जाते. कंडक्टरच्या मनात असलं तर टोपली आत, नसलं तर "वास येतो, पुढच्या गाडीने या," आणि पुढच्या गाडीचा कंडक्टर याहून नाजूक नाकाचा. आत्मारामभाऊ शिकले, नोकरीला लागले, ते ह्या टोपलीवर. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि आत्मारामभाऊंना तर झोपेतही माहीत होतं. म्हणून एक दिवस बंदरावर, वीसपंचवीस माणसांच्या देखत, ते बोलून गेले होते, "बाय, शिमगा सरला की तुझ्या डोक्यावर टोपली दिसणार नाही."

आता शिमगा तोंडावर होता आणि ट्रकचं पासिंग व्हायचं होतं. पासिंगचा दाखला मिळाल्याशिवाय गाडीत माल घालता येत नाही. गावात असे दाखले न बघता फिरणाऱ्या गाड्या होत्या, पण त्या हेडक्लार्कांच्या नव्हत्या.

"घाबराचा नाय," रावजी बोट लुंगीला पुसत म्हणाले. "मी बारा वर्सं बोटीवर इंजिनरूममदी काढलीत. ह्या काय, खेळण्यातला इंजिन."

रावजी मालवाहू बोटींवर होते हे खरं. इंजिनरूममध्ये होते हेही खरं. तिथे नेमकं काय करत होते, हे गावात कोणी कधी विचारलं नव्हतं. दर्यावरून परत आलेल्या माणसाला असले प्रश्न विचारत नाहीत.

पावसहून सुजय मेकॅनिक आला. हा मुलगा फोन खांद्यात धरून दोन्ही हातांनी काम करायचा, त्यामुळे तो 'ढिला झालाय' म्हणाला की पाईप ढिला झालाय की पलीकडचा माणूस, हे कळायचं नाही. त्याने अर्ध्या तासात खालचा रबरी होज पाईप काढला, त्याला पडलेली चीर आत्मारामभाऊंना दाखवली, नवा पाईप घातला, नवी क्लिप आवळली आणि हिरवं कूलंट काठोकाठ भरलं. रावजी शेवटपर्यंत शेजारी उभे होते. सुजय गेल्यावर ते ट्रकच्या पुढच्या भागाकडे बराच वेळ मायेने बघत राहिले आणि म्हणाले, "इंजिन मंजे काय आत्मारामभाऊ, रोज कोनीतरी लक्ष देवाक हवा."

"अगदी बरोबर," आत्मारामभाऊ म्हणाले. हे वाक्य त्यांना पुढे फार महागात पडलं.

मंगळवारी सकाळी रेडिएटरचं झाकण उघडलं तर पाणी चार बोटं खाली. जमिनीवर मात्र एक थेंब नाही. बुधवारी पुन्हा चार बोटं. गुरुवारी पाच. ट्रक जागचा हललेला नाही, खाली पसरलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडा ठणठणीत, आणि पाणी मात्र गेलेलं.

अशा वेळी दुसरा माणूस हवालदिल झाला असता. आत्मारामभाऊंनी वही सुरू केली. दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर 'गळती नोंदवही' असं लिहून रकाने पाडले: तारीख, वेळ, पाण्याची पातळी, घट, हवामान, शेरा. पातळी मोजायला कचेरीतून निरोपाच्या वेळी मिळालेली स्टीलची फूटपट्टी होती. सकाळी, संध्याकाळी आणि झोपताना ती रेडिएटरात बुडवून ते चष्मा कपाळावर चढवत, आकडा मोठ्याने वाचत आणि कमी झालेलं पाणी भरून टाकत. मथुरा स्वयंपाकघरातून तो आकडा ऐकायची आणि भांडी जरा जोरात ठेवायची.

सल्ले यायला लागले. धाकूचा सल्ला सगळ्यांत शास्त्रशुद्ध होता. तो म्हणाला, "भाऊ, होडीत पानी भायरनं आत येता. म्हनून मी भायरनं बुजवतंय. तुमच्या गाडीत ता आतनं भायर जाता. मंजे आतनं बुजवला पायजे." आणि आतून बुजवायला त्याने फणसाचा चीक आणला होता, वाटीभर. तो चीक एकदा कशाला चिकटला की माणूस मरेपर्यंत सुटत नाही, हे त्याने स्वतःच्या कोपरावरचा एक डाग दाखवून सिद्ध केलं. आत्मारामभाऊंनी त्याला मोठ्या मुश्किलीने परत पाठवलं. जाताना वाटी सोप्यावरच्या आरामखुर्चीवर लवंडली आणि ती खुर्ची आजही आरामाच्या कामाची नाही.

सुजयला फोन केला तर तो म्हणाला, "बारीक छिद्र असेल काका. मूठभर हळद टाका आत. लांबचे ड्रायव्हर टाकतात. हळद जाऊन बसते छिद्रात."

हळद मथुरेकडे मागायची म्हणजे ट्रकचा विषय काढणं आलं. ती देवळात गेलेली बघून आत्मारामभाऊ स्वयंपाकघरात शिरले. फळीवर दोन पिवळे डबे होते. एकात हळद होती. दुसऱ्यात मथुरेने मासळीला लावायला हळद, तिखट, धण्याची पूड आणि तिरफळाची भुकटी एकत्र करून ठेवली होती. चौतीस वर्षं सातबाऱ्याचे उतारे तपासलेल्या माणसाने डब्याचं झाकण उघडलं, रंग बघितला आणि दोन मुठी रेडिएटरात घातल्या.

दुसऱ्याच दिवशी पासिंगची तारीख होती.

सकाळी निघताना झाकण उघडायला ते विसरले. विसरले असंही नाही. पहाटे रावजी कुंपणापलीकडून म्हणाले होते, "निर्धास्त जावा, मी बगलंय सगळा," आणि शेजाऱ्याने एवढं छातीवर हात ठेवून सांगितल्यावर पुन्हा उघडून बघणं त्यांना बरं वाटलं नाही. पावसपर्यंत सगळं ठीक होतं. पुढच्या चढावर काटा लाल पट्टीकडे सरकू लागला. रत्नागिरीत शिरेपर्यंत बॉनेटच्या फटींतून वाफ निघत होती, आणि पासिंगच्या मैदानात ट्रक रांगेत उभा राहिला तेव्हा त्या वाफेबरोबर बांगड्याच्या तिखल्याचा असा काही खमंग वास सुटला की पुढच्या रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं.

पासिंगचे साहेब तरुण होते. त्यांनी दोनदा नाक वर केलं.

"काका, डबा आणलाय का?"

"नाही," आत्मारामभाऊ म्हणाले.

"मग हा वास?"

"इंजिनाचा आहे."

साहेबांनी बॉनेट उघडायला लावलं. आत सगळीकडे पिवळा-लाल फेस उडाला होता. साहेब हसले नाहीत. हसले असते तर परवडलं असतं. त्यांनी शांतपणे अर्जावर शेरा लिहिला: 'वाहनातून पाणी गळते. गळतीचे ठिकाण शोधून, दुरुस्ती करून, तसे लेखी सादर करावे.' आणि खाली सही करून कागद परत दिला.

आत्मारामभाऊंनी तो शेरा उभ्या उभ्या तीनदा वाचला. आयुष्यभर त्यांनी असे शेरे लिहिले होते. कितीतरी माणसांना त्यांनी 'त्रुटींची पूर्तता करून सादर करावे' म्हणून कोसावरून परत पाठवलं होतं, आणि ती माणसं अशी कागद धरून उभी का राहतात हे त्यांना कधी समजलं नव्हतं. शेऱ्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, याचं त्यांना जास्त वाईट वाटलं.

"पुढची तारीख?" त्यांनी विचारलं.

पुढची तारीख बारा दिवसांनी होती. ती चुकली तर अर्ज पहिल्यापासून नव्याने, म्हणजे सरळ नारळी पौर्णिमेच्या आसपास.

इंजिन निवेपर्यंत वाट बघून, बाटल्याबाटल्यांनी पाणी पाजत ते परतले, तेव्हा पूर्णगडच्या थांब्यावर सोनूबाई टोपली शेजारी ठेवून बसली होती. दोन गाड्या तिला न घेता गेल्या होत्या. टोपलीतला बर्फ विरघळून पाणी रस्त्यापर्यंत आलं होतं. तिने भावाच्या तोंडाकडे बघितलं आणि काय झालं ते तिला विचारावं लागलं नाही.

"ऱ्हावं दे रे आत्मा," ती म्हणाली. "माका सवय हाय."

ती चिडली असती, टाकून बोलली असती, तर आत्मारामभाऊंनी ऐकून घेतलं असतं. पण ती समजूतदारपणे बोलली. त्या रात्री ते जेवले नाहीत. मथुरेने अबोला मोडला आणि विचारलं, "अहो, माझा माशांचा मसाला कुठे गेला?"

मग सुजयने शेवटचं अस्त्र काढलं. "काका, बाहेर थेंब नाही म्हणजे इंजिनाचं हेडच पाणी पितंय. उघडावं लागेल." हेड उघडलं. ते तीन दिवस सोप्यावर गोणपाटावर पडून होतं, आणि येणारा जाणारा प्रत्येक माणूस त्याच्याकडे बघून, आत आजारी माणूस असल्यासारखा, हलक्या आवाजात चौकशी करत होता. हेडला काही झालेलं नव्हतं. सुजयने नवं गॅस्केट घालून ते परत बसवलं, रेडिएटर तीनदा धुऊन त्यातला मसाला काढला, ताजं हिरवं कूलंट भरलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी चार बोटं खाली होतं.

सुजयने फोन खांद्यावरून काढून खिशात ठेवला. तो एवढा गंभीर झालेला कोणी पाहिला नव्हता. "काका," तो म्हणाला, "ह्याच्या पुढचं मला शिकवलेलं नाही."

आत्मारामभाऊंनी नोंदवही उघडली. दहा दिवसांच्या नोंदी होत्या. त्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसत होती: संध्याकाळपासून झोपायच्या वेळेपर्यंत पाणी तसूभर हलत नाही. जातं ते पहाटे. म्हणजे पहाटे पाळत ठेवायला हवी. त्यांनी हा विचार कुंपणापाशी उभ्या असलेल्या रावजींना बोलून दाखवला.

"तुमी कशाला उटताव?" रावजी म्हणाले. "तुमास्नी सवय नाय. बोटीवर चार ते आट माजाच वॉच असायचा. मी बगतंय."

आत्मारामभाऊंचा ऊर भरून आला. असा शेजार मिळायला भाग्य लागतं, असं ते मथुरेला म्हणालेसुद्धा. पुढचे पाच दिवस रावजी रोज सकाळी सात वाजता रिपोर्ट देत होते: "एक थेंब भुईक पडूक दिला नाय." आणि तो रिपोर्ट अक्षरशः खरा होता. आत्मारामभाऊ तो 'शेरा' या रकान्यात लिहून घेत आणि 'घट' या रकान्यात 'चार बोटं' असं लिहीत.

पासिंगच्या आदल्या दिवशी देवीची पालखी त्यांच्या घरी येणार होती.

शिमग्यात गावची पालखी घरोघर फिरते. आणि तिची एक रीत आहे, तिला खूण काढणं म्हणतात. गावकरी जमिनीत कुठेतरी नारळ पुरून ठेवतात. मग पालखी खांद्यावर घेतलेले भोई ढोलाच्या तालावर नाचत फिरतात आणि पालखी ओढत नेईल तिकडे जातात. ती जिथे थांबून झुलायला लागते तिथे खणलं की नारळ निघतो. हे दरसाल होतं आणि दरसाल लोक तितक्याच उत्सुकतेने बघतात.

आरती झाली, ओटी भरली. मग गुरवाने विचारलं, "काय मागणा हाय काय?" आत्मारामभाऊंनी आयुष्यात देवाकडे लेखी काही मागितलं नव्हतं आणि तोंडी तर नाहीच. पण समोर सोनूबाई उभी होती, हातात नारळ घेऊन, आणि उद्याची तारीख होती. ते पुढे गेले आणि गुरवाच्या कानात बोलले.

गुरवाने हात जोडून आवाज चढवला. "आई, तुज्या ह्या लेकराचा टरक पानी पिता, पन ता जाता खंय ता कुनाक दिसत नाय. पंधरा दिस झाले, मेकॅनिक दमलो. आता तूच ती जागा दाखव!"

"व्हय म्हाराजा!" जमलेल्यांनी एका सुरात साथ दिली.

ढोल वाजू लागले. पालखी उठली. पुढच्या दांडीला उजव्या बाजूने धाकूचा खांदा होता. पालखीने ट्रकला एक फेरी घातली. माणसं मागे सरली. दुसरी फेरी घातली. सुजय खास पावसहून आला होता. तो रेडिएटरच्या अगदी जवळ वाकून उभा राहिला, कारण देवी बोट दाखवेल तिथे लगेच पाना लावायचा त्याचा विचार होता. तिसऱ्या फेरीला पालखी रेडिएटरपाशी आली, क्षणभर थबकली, आणि मग एकदम वळून, कुंपणाच्या फाटकातून, रावजींच्या अंगणात शिरली. तिथून पडवीत गेली. पडवीच्या कोपऱ्यात एक जुनी ताडपत्री टाकून काहीतरी झाकलेलं होतं. पालखी त्याच्यासमोर उभी राहून झुलायला लागली ती हटेना.

धाकू रोज पहाटे बंदरावर जातो आणि त्याची वाट रावजींच्या पडवीला लागून आहे, एवढी एक गोष्ट इथे नमूद करून ठेवायला हरकत नाही. देवीने दाखवलं की धाकूच्या खांद्याने, या वादात आपण पडू नये.

गुरवाने ताडपत्री उचलली. खाली प्लास्टिकचे कॅन होते. ओळीने, उंचीनुसार नव्हे तर तारखेनुसार. प्रत्येकावर खडूने तारीख घातलेली. बहुतेकांत हिरवं पाणी, मधल्या एकात पिवळं-लाल, त्यावर तरंग.

ढोल थांबले. सगळ्यांनी रावजींकडे बघितलं.

"हां," रावजी म्हणाले. "ता ब्लो-डाऊनचा पानी."

"कसलं पाणी?" आत्मारामभाऊंचा आवाज त्यांना स्वतःला ओळखू आला नाही.

"बोटीवर बॉयलरचा पानी रोज पहाटे थोडा सोडायचा असता. तळाचा गाळ जाता. नाय सोडला तर बॉयलर खराब होता. मी रोज पहाटे तुमच्या टरकाचा खालचा कॉक खोलून सोडत होतंय. चार बोटा. कॅनमदी धरून. डेकवर थेंब पडला तर चीफसाहेब शिव्या घालीत."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगायचा काय तेच्यात? लक्ष देवाक हवा म्हटलेला, तुमी व्हय म्हटलाव." रावजी गोंधळून सगळ्यांकडे बघत होते. त्यांना खरंच कळत नव्हतं की चुकलं काय.

आत्मारामभाऊंच्या डोक्यात सणक गेली. पंधरा दिवस. उघडलेलं हेड. मैदानातला तो वास. थांब्यावर बसलेली बाय. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणाला अपशब्द वापरला नव्हता, आणि आता सगळे एकदम तोंडाशी आले होते. "अहो पण मग सोडल्यावर भरत का नव्हतात?" ते ओरडले.

"भरायचा काम माजा न्हवता," रावजी म्हणाले. आवाज खाली आला होता. "ता दुसऱ्या मानसाचा. माज्याकडे सोडायचाच काम. बारा वर्सं. दुसऱ्या कशाक हात लावूक देत न्हवते माका."

पडवीत कोणीतरी खुदकन हसलं. बारा वर्षांच्या इंजिनरूमचा हिशेब गावाला एका वाक्यात कळला होता. रावजींनी मान खाली घातली आणि ते कॅन सरळ करायला लागले, मुळात सरळ असलेले.

आत्मारामभाऊंनी एक कॅन उचलला. तारीख बघितली. खिशातून नोंदवही काढली. त्या तारखेची घट पाच बोटं होती आणि कॅन इतरांपेक्षा बोटभर जास्त भरलेला होता. त्यांनी दुसरा बघितला, तिसरा बघितला. सगळे जुळत होते. असा चोख ताळा त्यांच्या कचेरीतही कधी लागला नव्हता. आणि भरायचं काम दुसऱ्याचं, हे तर त्यांना कोणी समजावून सांगायला नकोच होतं. आलेल्या कागदाला आवक क्रमांक घालणाऱ्या माणसाने जाणाऱ्या कागदाला कधी हात लावल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांचा राग गेला नाही, पण बसला. आणि हसणारा माणूस त्यांना एकाएकी रावजींपेक्षा जास्त खटकला.

"कोण हसलं?" ते म्हणाले. "ह्या गावात कोणी पंधरा दिवस रोज पहाटे उठून शेजाऱ्याचं काम केलंय? न सांगता?" मग ते रावजींकडे वळले. "रावजीभाऊ, देवीने माझा ट्रक सोडून पालखी तुमच्या दारात आणली. ह्याचा अर्थ उघड आहे. ट्रकच्या पाण्याचं खातं आजपासून तुमच्याकडे. सोडणं बंद. भरणं फक्त तुमचं."

"व्हय म्हाराजा!" धाकू सगळ्यांच्या आधी ओरडला आणि मग सगळे ओरडले.

रावजींनी डोळे पुसले. मग जरा सावरून म्हणाले, "पन आत्मारामभाऊ, आर्डर लेखी द्या. तोंडी आर्डरवर बोटीवर कोन काम करीत नाय."

हे ऐकून आत्मारामभाऊंना खरा आनंद झाला. त्यांनी पडवीतच बसून, जावक क्रमांक घालून, आदेश लिहिला.

दुसऱ्या दिवशी पासिंगच्या मैदानात ट्रक थंडगार उभा होता. तरुण साहेबांनी मागचा शेरा बघितला आणि हात पुढे केला. "लेखी आणलंय?"

आणलं होतं. त्यावर रात्रभर विचार करून आत्मारामभाऊंनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. 'गळतीचे ठिकाण: शेजार. दुरुस्ती: शेजाऱ्याची पाणी सोडण्याच्या कामावरून पाणी भरण्याच्या कामावर बदली करण्यात आली आहे.'

साहेबांनी ते वाचलं. परत वाचलं. ट्रकखाली वाकून बघितलं, इंजिन अर्धा तास चालू ठेवायला लावलं, काटा बघितला, नाक वर करून एक श्वास घेतला. मग काही न विचारता शिक्का मारला.

शिमगा सरला त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्मारामभाऊंनी बंदरावर ट्रक लावला. सोनूबाईची टोपली मागे चढवली आणि केबिनचं दार उघडून धरलं. सोनूबाई चढली. सीटवर हात फिरवला, पदर नीट केला. ट्रक चढण चढून थांब्यापाशी आला. तिथे सात-आठ जणी आपापल्या टोपल्या घेऊन एसटीची वाट बघत उभ्या होत्या.

"थांबव," सोनूबाई म्हणाली.

ट्रक थांबला. ती खाली उतरली, बायकांशी काहीतरी बोलली आणि बघता बघता सगळ्या टोपल्या ट्रकच्या मागे चढल्या. आत्मारामभाऊ खिडकीतून ओरडले, "बाय, माणसं मागे बसवता येणार नाहीत हां! कागदावर मालवाहू आहे!"

"मानसा नाय बसत. टोपल्या ने बाजारात."

"आणि तू? चल बस."

"मी ह्येंच्यासंगती येष्टीन येतंय." ती मोकळे हात मागे बांधून उभी राहिली. सदुसष्ट वर्षांची बाय, डोक्यावर काही नाही, हातात काही नाही. भावाचं तोंड पडलेलं बघून तिने जवळ येऊन दारावर थाप मारली. "रागावू नको रे. तुज्या गाडीत मी रोज बसेन. आज एकदाच येष्टीन."

त्यांना ते समजलं नाही. आठ टोपल्या घेऊन ते एसटीच्या मागेमागे रत्नागिरीपर्यंत गेले, आणि काय झालं ते त्यांना बाजारात, टोपल्या उतरवून घेताना हसून बेजार झालेल्या बायकांकडून कळलं. सोनूबाई गाडीत सगळ्यांत पुढच्या बाकावर खिडकीपाशी जाऊन बसली होती. कंडक्टरने सवयीने तिच्या पायांशी बघितलं, वर फळीवर बघितलं, मागे दारापाशी बघितलं, आणि शेवटी विचारलं, "मावशी, आज लगेज कुठाय?"

सोनूबाईने तिकिटाचे सुटे पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"मागनं येता. माजो भाव आनता."